नकाशातली इमारत, मीटरवरची इमारत

एखादी इमारत ऊर्जेच्या दृष्टीने चांगली आहे, असे म्हणताना तीन निराळ्या गोष्टी एकाच विधानात कोंबल्या जातात. भिंती, छप्पर आणि काचा मिळून जे कवच बनते ते बाहेरची उष्णता किती आत घेते, ही पहिली. आत बसवलेले चिलर, पंप, पंखे, दिवे एका युनिटमध्ये किती काम करतात, ही दुसरी. आणि माणसे ही सगळी सामग्री किती तास, किती काळजीने किंवा बेफिकिरीने वापरतात, ही तिसरी. कवच एकदा उभे राहिले की पन्नास-साठ वर्षे बदलत नाही. यंत्रे पंधरा-वीस वर्षांत भंगारात जातात. वापर तर नवा भाडेकरू आला की बदलतो. महिन्याचे बिल मात्र या तिघांची बेरीज असते, आणि नुसत्या बेरजेवरून कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही.

बांधकामाचे नियम, हरित इमारतींची मानांकने आणि वीजवापराची प्रमाणपत्रे यांत जो गोंधळ दिसतो त्याचे मूळ इथे आहे. नियम पहिल्या दोन गोष्टी तपासतो, तेही नकाशावर. मानांकन बरेचदा त्याच नकाशाला पदक देते. मीटर सगळे मोजतो, पण त्याला विचारायला कोणी जात नाही. या तीन गोष्टींना तीन वेगळे दाखले हवेत, ते वेगवेगळ्या वेळी दिले जायला हवेत आणि प्रत्येकाखाली वेगळ्या जबाबदार माणसाची सही हवी, अशी या विवेचनाची मांडणी आहे. समोर ठेवली आहे ती भारतातली, विशेषतः महाराष्ट्रातली परिस्थिती. युरोप-ऑस्ट्रेलियाने जिथे आपल्याआधी ठेच खाल्ली, तिथे त्यांचाही दाखला घेतला आहे.

कायदा दिल्लीचा, परवाना नगरपालिकेचा

1973 च्या तेलसंकटाने श्रीमंत देशांना इमारतींकडे पाहायला भाग पाडले. पश्चिम जर्मनीने 1977 मध्ये उष्णतारोधनाचा आदेश काढला, कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये आपल्या बांधकाम नियमांत ऊर्जेचा भाग घातला. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम 2001 साली झाला, त्याखाली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, 1 मार्च 2002 रोजी स्थापन झाली आणि व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, ईसीबीसी, मे 2007 मध्ये आली. 2017 साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत: साधी ईसीबीसी, ईसीबीसी प्लस आणि सुपर ईसीबीसी. नेहमीच्या बांधकामाच्या तुलनेत अनुक्रमे सुमारे 25, 35 आणि 50 टक्के वीज वाचावी, असा हेतू.

संहिता लागते ती 100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींना. सुरुवातीला ही मर्यादा 500 किलोवॉट होती, ती 2010 च्या दुरुस्तीने खाली आली. वातानुकूलित कार्यालय हजार चौरस मीटरच्या आसपास गेले की साधारणपणे या कक्षेत येते. घरे मात्र 2022 पर्यंत कायद्याच्या बाहेरच होती. 2018 च्या डिसेंबरात घरांसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली खरी, पण मूळ कायदाच व्यापारी इमारतींपुरता असल्याने तिचे पालन ऐच्छिक राहिले. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 जानेवारी 2023 पासून अमलात आली, निवासी इमारती कक्षेत आल्या आणि 100 किलोवॉटची मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना मिळाली. भंग करणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढे सगळे असून रस्त्याने जाताना संहिता दिसत का नाही? कारण घटनेच्या रचनेत आहे. वीज समवर्ती सूचीत, तर जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्यांकडे. त्यामुळे केंद्राने संहिता लिहायची, राज्याने ती आपल्या हवामानाप्रमाणे थोडीफार बदलून अधिसूचित करायची, नगरविकास खात्याने विकास नियंत्रण नियमावलीत घालायची आणि महापालिकेच्या नगररचना विभागाने परवाना देताना पाहायची, असा चार टप्प्यांचा प्रवास आहे. महाराष्ट्रात ऊर्जा कायद्याची नियुक्त संस्था ‘महाऊर्जा’ आहे, पण बांधकाम परवाना तिच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे त्या अभियंत्याला सामासिक अंतरे, अग्निशमन, पार्किंग आणि चटई क्षेत्र यांतून वर मान काढायला फुरसत नाही, शिवाय काचेचा सौर गुणांक तपासण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नाही. तेलंगणाने यातून वाट काढली: हैदराबादेत संहितेची तपासणी ऑनलाइन परवान्याच्या प्रक्रियेतच गुंफली आणि तपासायला बाहेरचे प्रशिक्षित परीक्षक नेमले. उपाय साधा आहे. फक्त परीक्षकाचे शुल्क बिल्डरच भरतो, हे विसरून चालणार नाही.

कवचाचे गणित

इको निवास संहितेचा पहिला भाग कवचाबद्दल आहे आणि माझ्या मते भारतीय नियमांतले सगळ्यात शहाणे काम तेच आहे. एक तर तो लहान आहे. दुसरे म्हणजे त्याला संगणकावरचे महागडे सिम्युलेशन लागत नाही, हिशेब साध्या तक्त्यात बसतो. छप्पर सोडून बाकी कवचातून दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॉट उष्णता आत येते, असा एकच आकडा काढायचा. त्याला ‘आरईटीव्ही’ म्हणतात. थंड प्रदेश वगळता देशभर तो 15 च्या वर जाता कामा नये. छपराचे यू-मूल्य, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरातून जाणारी उष्णता, 1.2 वॉटच्या आत हवे.

आरईटीव्हीच्या सूत्रात तीन पदे आहेत: भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन. मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी या पदांचे गुणक अनुक्रमे 5.15, 1.31 आणि 65.21 असे आहेत. दुसरा आणि तिसरा गुणक शेजारी ठेवून पाहिले की दुहेरी काचेच्या जाहिराती कुठल्या हवामानासाठी लिहिल्या गेल्या ते कळते. दुहेरी काचेचा मुख्य फायदा दुसऱ्या पदात आहे, आणि कोकणपट्टीत ते पद जवळजवळ बिनमहत्त्वाचे आहे. आपल्याला अडवायचे आहे ते ऊन.

एक उदाहरण सोडवू. बाहेरच्या भिंतीच्या शंभर चौरस मीटरांत ऐंशी भिंत आणि वीस काच धरा, दिशेचा गुणक सोयीसाठी एक. भिंत उघड्या काँक्रीटची, यू-मूल्य 3.5, काच साधी एकेरी, यू-मूल्य 5.8, आणि तिच्यातून पडणाऱ्या उन्हाची 85 टक्के उष्णता आत येते. भिंतीचे पद 14.4, काचेतून झिरपण्याचे 1.5, उन्हाचे 11.1. बेरीज 27, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. काँक्रीटच्या जागी नऊ इंची विटेची भिंत घेतली, यू-मूल्य 2.2, तर बेरीज 21.7. एएसी, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, ब्लॉकची भिंत घेतली, यू-मूल्य 0.8, तर 15.9. आता त्याच साध्या काचेवर पुरेसा खोल छज्जा देऊन आत येणारे ऊन 85 वरून 65 टक्क्यांवर आणले की बेरीज 13.3 होते आणि इमारत नियमात बसते. महागडी काच नाही, आयात केलेले काही नाही. हलका ब्लॉक आणि छज्जा, बस्स.

मग अडचण कुठे? मुंबई-ठाण्यात आणि पुण्याच्या कडेला आज जे टॉवर उभे राहत आहेत त्यांतले कितीतरी अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओततात. बांधकामावर त्याला सरसकट ‘मायवान’ म्हणतात. स्लॅब आणि भिंती एकाच वेळी ओतल्या जातात, मजला आठवड्या-दहा दिवसांत चढतो, गवंडी कमी लागतात, प्लॅस्टर जवळजवळ वाचते. बिल्डरच्या व्याजाच्या हिशेबात हे तंत्र अजोड आहे. पण त्यातून निघणारी बाहेरची भिंत म्हणजे 150-160 मिलिमीटरचे नुसते काँक्रीट, आपल्या उदाहरणातली 14.4 वाली. तिला नियमात बसवायचे तर आतून किंवा बाहेरून रोधक थर चढवावा लागतो किंवा बाहेरच्या भिंती साच्यातून वगळून ब्लॉकच्या कराव्या लागतात. दोन्हीत वेग जातो. ऊर्जेचा निर्णय इथे ऊर्जेच्या तज्ज्ञाने घेतलेलाच नसतो, तो साचा भाड्याने घेतला त्या दिवशी झालेला असतो. संहितेचा विचार नकाशा मंजूर होताना होतो आणि साच्याचा त्याआधी, म्हणून संहिता उशिरा पोचते.

दिशेचा मुद्दाही असाच आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडे, म्हणजे सगळ्या महाराष्ट्र-गोव्यात, पश्चिमेच्या भिंतीला संहितेने 1.156 गुणक दिला आहे, उत्तरेच्या भिंतीला 0.659. तीच भिंत, तीच खिडकी, पण पश्चिमेकडची पावणेदोनपट तापते. संहिता मात्र आरईटीव्ही काढते तो अख्ख्या इमारतीचा. सरासरी 14 आली की इमारत उत्तीर्ण. उत्तरेकडचा फ्लॅट 10 वर आणि पश्चिमेकडचा 18 वर असला तरी कागदावर दोघेही सारखे. फ्लॅट विकत घेणारा इमारत विकत घेत नाही, तो तीन किंवा चार भिंती विकत घेतो, आणि त्याच्या तीन भिंतींचा आकडा त्याला कोणीच सांगत नाही.

हवेबद्दलचा नियम तर वाचायला अगदी निरुपद्रवी वाटतो. उष्ण-दमट हवामानात उघडता येणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या एकषष्ठांश, म्हणजे 16.66 टक्के हवे. 45 चौरस मीटरच्या फ्लॅटला साडेसात चौरस मीटर. पण दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी उघडते अर्धीच. साडेसात चौरस मीटर उघडायला पंधरा चौरस मीटर खिडकी लागेल, आणि तेवढी काच लावली की वरच्या हिशेबातले उन्हाचे पद फुगते. जुन्या चाळीतल्या बिजागरीच्या लाकडी खिडक्या जवळजवळ पूर्ण उघडत. तिथून स्लायडिंगवर आपण आलो ते जागा वाचवायला, आणि त्याची किंमत वाऱ्यात मोजली. बाल्कनीचे दार यात धरता येते, म्हणून नकाशावर हिशेब बहुतेक वेळा जुळतो. ताबा मिळाल्यावर वर्षभरात बाल्कनी काचेने बंद होते आणि तो हिशेब तिथेच संपतो.

छपराबद्दल थोडक्यात. वॉटरप्रूफिंगसाठी आपल्याकडे ब्रिकबॅट कोबा घालून वर चायना मोझॅक लावतात. त्याने यू-मूल्य खाली येते, पण 1.2 पर्यंत येत नाही, त्यासाठी कोब्याखाली 25 ते 40 मिलिमीटर फोमचा थर लागतो. पांढऱ्या मोझॅकचा खरा फायदा ऊन परतवण्यात आहे आणि यू-मूल्य तो मोजतच नाही. चाळीस मजली टॉवरमध्ये गच्चीखालचा एक मजला सोडला तर याचे कोणाला सोयरसुतक नसते. सोलापूर-लातूरच्या तीन मजली इमारतीत मात्र एक तृतीयांश घरे गच्चीखाली असतात. मराठवाड्यातल्या माळवदाची जाड माती जे काम निमूटपणे करत होती ते आरसीसी स्लॅबने बंद पाडले, आणि फोमच्या थराने आपण तेच पुन्हा विकत घेतो आहोत.

पदक कशाला मिळते?

कवचाचा नियम निदान स्वतःबद्दल खोटे बोलत नाही: मी कवच तपासतो, एवढेच तो म्हणतो. मानांकनांचे तसे नाही. लीड ही पद्धत अमेरिकेतून आली. भारतीय उद्योग महासंघाचे हैदराबादचे सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर 2003 मध्ये तिचे प्लॅटिनम मिळवून गेले, आणि तिथून इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची मानांकने देशभर पसरली. टेरी या संस्थेने नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासोबत ‘गृह’ ही देशी पद्धत उभी केली. दोन्हींत पाणी, कचरा, जागेची निवड, साहित्य अशा अनेक सदरांत गुण मिळतात. ऊर्जा हे त्यांतले एक सदर.

त्या सदरातही गुण ठरतात ते बहुधा तुलनेने. संगणकात दोन इमारती बांधायच्या: एक आपली, एक प्रमाणित. आकार, मजले, वापराचे तास दोघींत सारखे ठेवायचे. आपली प्रमाणितपेक्षा किती टक्के कमी वीज खाते ते पाहायचे. पद्धत हुशार आहे, पण तिची आंधळी बाजू ठळक आहे. गरजेपेक्षा मोठी इमारत बांधली तर प्रमाणित इमारतही तेवढीच मोठी होते. प्रमाणित इमारतीला भिंतीच्या 40 टक्क्यांपर्यंत काच मान्य असल्याने 40 टक्के काचेची इमारत चांगली काच वापरून बक्षीस मिळवते, आणि मुळातच 20 टक्के काच ठेवणाऱ्या आर्किटेक्टच्या शहाणपणाला प्रमाणित इमारतही 20 टक्क्यांवर येऊन बसल्याने शून्य गुण. टक्केवारी खरी असते. ज्याच्यापेक्षा कमी, ते मात्र कल्पित असते.

महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने हरित मानांकनाला जादा एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, जोडला आहे: मानांकनाच्या पायरीप्रमाणे मूळ निर्देशांकावर 3, 5 किंवा 7 टक्के. जमिनीचे भाव पाहता हे आमिष जबर आहे, आणि त्यामुळे मानांकन घेणाऱ्या इमारती वाढणे स्वाभाविक. माझा आक्षेप बक्षिसाच्या वेळेला आहे. जादा मजला नकाशावरच्या वचनावर मिळतो. मानांकनाची शेवटची पायरी फार तर बांधकाम पुरे होताना तपासली जाते. पुढे तीन वर्षांनी इमारत भरल्यावर ती जास्त वीज खाऊ लागली तर बांधलेला एफएसआय परत घेता येत नाही. लग्नपत्रिका पाहून संसार सुखाचा असल्याचा दाखला देण्यासारखेच हे आहे. बक्षीस द्यायचेच तर परत घेता येईल अशा रूपात द्यावे. मालमत्ता करातली सूट, दर वर्षीचे बिल पाहून दिलेली, हे त्याहून सरळ हत्यार आहे.

मीटर वाचणारी प्रमाणपत्रे

बिलावर आधारलेला दाखला आपल्याकडे नाही असे नाही. बीईईने 2009 मध्ये कार्यालयांसाठी तारांकन सुरू केले. बारा महिन्यांची युनिटे भागिले बांधीव क्षेत्र, पार्किंग वगळून. येतो तो ऊर्जा कामगिरी निर्देशांक, ईपीआय. मूळ तक्त्यात उष्ण-दमट हवामानातल्या, निम्म्याहून अधिक वातानुकूलित कार्यालयाला 200 ते 175 युनिटांना एक तारा आणि 100 च्या खाली पाच तारे. निम्म्याहून कमी वातानुकूलन असेल तर पाच ताऱ्यांसाठी 45 च्या खाली. मुंबईतले दहा हजार चौरस मीटरचे वातानुकूलित कार्यालय वर्षाला अठरा लाख युनिटे खात असेल तर निर्देशांक 180, तारा एक. पाच तारे हवे तर दहा लाखांच्या आत यावे लागेल. इथे कल्पित इमारतीची भानगड नाही.

भानगडी दुसऱ्या आहेत. डिझेल जनरेटरची वीज मोजतात, गच्चीवरच्या सौर पॅनेलची वजा करतात, त्यामुळे पॅनेल बसवले की निष्काळजी चालवलेली इमारतही चांगली दिसते. चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरला दहा तास चालणाऱ्या बँकेच्या मुख्यालयाशेजारी बसवणे अन्याय, म्हणून बीपीओंसाठी दर चौरस मीटर, दर तास असा वेगळा निर्देशांक करावा लागला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हे तारांकन ऐच्छिक आहे. ज्याला एक तारा मिळणार तो अर्जच करत नाही, म्हणून शहरात फिरताना आपल्याला फक्त चांगल्या इमारतींचे तारे दिसतात. एसी किंवा फ्रिजच्या दुकानात एक ताराही चिकटवावा लागतो. इमारतीला लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न कसा सोडवला ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथली नेबर्स पद्धत 1998 साली न्यू साउथ वेल्समध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली. ती बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष बिलावर चालते आणि दाखला वर्षभरच टिकतो. 2010 च्या कायद्याने दोन हजार चौरस मीटरवरचे कार्यालय विकताना किंवा भाड्याने देताना तो जाहिरातीत दाखवणे सक्तीचे झाले. 2017 पासून ही मर्यादा एक हजार चौरस मीटरवर आली. पण खरी कल्पकता वाटणीत आहे. मालकाच्या ताब्यातला भाग, म्हणजे मध्यवर्ती वातानुकूलन, लिफ्ट आणि सामाईक दिवे, याचे तारे वेगळे. भाडेकरूचे दिवे आणि संगणक यांचे वेगळे. ज्याच्या हातात बटण, त्याच्या नावावर तारा. शिवाय बांधकामाआधीच ‘आम्ही इतके तारे गाठू’ असा करार करता येतो, बिल्डर त्या ताऱ्यांची जाहिरात करू शकतो, आणि इमारत भरल्यावर बारा महिन्यांनी मीटर निकाल देतो.

आपल्याकडे ही वाटणी अवघड नाही. बांद्रा-कुर्ला संकुलात किंवा हिंजवडीत भाड्याच्या इमारतीत वातानुकूलनाचे ‘हाय साइड’, म्हणजे चिलर आणि कूलिंग टॉवर, मालकाचे आणि ‘लो साइड’, म्हणजे मजल्यावरची यंत्रे आणि डक्ट, भाडेकरूचे, अशी पद्धत रुळलेली आहे. थंड पाण्याचे बिल वाटायला बीटीयू मीटर लावतात. म्हणजे पैशांच्या वाटणीसाठी जे मोजमाप आधीच होते, तेच प्रमाणपत्राला पुरेल. हाय साइडचा आकडा मालकाच्या नावे जाहीर झाला तर निम्म्या भारावर चालणारे, गरजेच्या दीडपट मोठे बसवलेले चिलर कोणाच्या डोक्यात आले होते, हा प्रश्न तरी विचारला जाईल.

युरोपचा दाखला

युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशाने घरांनाही प्रमाणपत्र लावले. विक्री किंवा भाड्याच्या वेळी ते दाखवायचे, मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे. 2010 च्या निर्देशाने जाहिरातीतही त्याचा दर्जा छापणे आले. काही देश पुढे दर्जावरून सक्तीकडे गेले. इंग्लंड-वेल्समध्ये 1 एप्रिल 2018 पासून ‘ई’ पेक्षा खालच्या दर्जाचे घर नव्याने भाड्याने देता येत नाही, फ्रान्सने 2025 च्या सुरुवातीपासून ‘जी’ दर्जाच्या घरांना भाडेबाजाराबाहेर काढायला सुरुवात केली.

पण युरोपीय प्रमाणपत्र प्रमाणित कुटुंब गृहीत धरून काढलेले असते. केंब्रिजच्या मिना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये जर्मन घरांचा हिशेब ताडून पाहिला, तेव्हा लोक प्रमाणपत्रात मांडलेल्या आकड्यापेक्षा सरासरी तीस टक्के कमी इंधन जाळत होते. घर जितके गळके, तितका हा फरक मोठा. गळक्या घरातले लोक सगळ्या खोल्या तापवतच नाहीत, एका खोलीत स्वेटर घालून बसतात. दुरुस्तीतून इतकी बचत होईल असे जे आश्वासन प्रमाणपत्र देते ती बचत त्यांनी आधीच सोसून केलेली असते. युरोपच्या थंडीतला हा धडा आपल्या उन्हाळ्यासाठी जास्तच लागू आहे.

घराला कोणता आकडा लावावा?

भारतीय घराचा ईपीआय कमी असण्याचे तीन अर्थ होऊ शकतात: कवच चांगले आहे, घर वर्षभर बंद असते, किंवा राहणाऱ्याला एसी परवडत नाही. तिसऱ्या घराला पाच तारे देणे हा विनोद होईल, आणि क्रूरही. उद्या त्याच घरात एसी येणारच आहे. भारताच्या 2019 च्या शीतकरण कृती आराखड्याने 2017-18 ते 2037-38 या वीस वर्षांत शीतकरणाची मागणी सुमारे आठपट होईल असा अंदाज मांडला. म्हणून घरासाठी आजचे युनिट मोजण्यापेक्षा, एसी नसताना ते घर किती तास सुसह्य राहते, हे मोजणे शहाणपणाचे आहे.

त्याला लागणारे शास्त्र देशातच तयार आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय कार्यालयांतल्या लोकांना प्रत्यक्ष विचारून अनुकूलित सुखावहतेचे सूत्र बसवले, आणि 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने ते स्वीकारले. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत बाहेरच्या सरासरी तापमानाला 0.54 ने गुणून 12.83 मिळवायचे. बाहेर सरासरी 30 अंश असेल तर लोकांना आत 29 अंश सुखाचे वाटतात, आणि 2.38 अंश वर-खाली चालतात. त्याच हवेत वातानुकूलित इमारतीतल्या लोकांना मात्र 25.6 अंश लागतात. सूत्र कार्यालयांतून आले असले तरी पंख्याखाली झोपणाऱ्या घरांना ते परके नाही. फ्लॅटचे कवच संगणकात घालून, वर्षातल्या 8760 तासांपैकी किती तास आतले तापमान या मर्यादेवर जाते, हे काढता येते. श्रीमंत-गरीब, पंखा-एसी यांच्याशी या आकड्याचा संबंध नाही. तो फक्त बिल्डरने काय बांधले ते सांगतो.

आणि तो सांगण्याची जागाही आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र उघड करायला लावले, महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. त्या कोडमागच्या पानावर प्रत्येक फ्लॅटपुढे दोन आकडे असावेत: त्या फ्लॅटच्या स्वतःच्या भिंतींचा आरईटीव्ही आणि एसीविना असह्य तासांची संख्या. बिल्डर म्हणेल, आणखी एक कागद. पण भिंतीचे साहित्य, खिडक्यांचा तक्ता, दिशा आणि छज्जे हे सगळे महापालिकेला दिलेल्या नकाशात आधीच असते. पश्चिमेच्या फ्लॅटचा आकडा वाईट येईल आणि त्याचा भाव घसरेल, ही खरी भीती असेल तर ती रास्त आहे, आणि तीच छज्जा परत आणेल.

राहिला प्रश्न पडताळणीचा. आज परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्यामध्ये प्रशासन ठरवून जाते ते मुख्यतः जोते तपासणीला. भोगवट्याच्या वेळी भिंतीवर प्लॅस्टर आणि रंग चढलेला असतो, आत ब्लॉक आहे की काँक्रीट हे ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. काचेचे तर त्याहून अवघड: खरेदीत स्वस्त पर्याय निघाला की नकाशातली काच बदलते, आणि दोन करड्या काचांतला फरक उघड्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक तपासणी प्लॅस्टरच्या आधी, लिंटेलच्या टप्प्यावर हवी, आणि काच बसवायच्या आधी तिच्या चाचणी अहवालाचा गट क्रमांक इनव्हॉइसशी ताडलेला हवा. सगळे मजले बघायची गरज नाही. चिठ्ठी टाकून निवडलेले दोन मजले पुरतील, मात्र चिठ्ठी बिल्डरने नव्हे, महापालिकेने टाकावी, आणि परीक्षकाचे शुल्क बिल्डरच्या हातून न जाता परवान्याच्या फीमधून जावे.